सांध्यातील रबर आणि मूळपणाचा प्रश्न

जुन्या मोटारगाड्यांविषयी मराठीत जे थोडेबहुत लिहिले जाते, त्यात रंगाचे वर्णन असते, क्रोमच्या झळाळीचे कौतुक असते आणि बहुधा एखाद्या आजोबांची आठवण असते. गाडीच्या पोटाखाली, चाके आणि सांगाडा यांच्या दरम्यान, लोखंडी नळ्यांत बसवलेले रबराचे जे लहान लहान तुकडे असतात, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच येतो. गॅरेजच्या भाषेत त्यांना 'बुश' म्हणतात. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल, याची मला कल्पना आहे. परंतु 'मूळ', 'अस्सल', 'जतन', 'जीर्णोद्धार' हे शब्द आपण वर्गात सतत वापरतो, आणि ते नेमके कशाला लावायचे हा प्रश्न या बुशाइतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या वस्तूत मला दिसलेला नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या गाडीचे मूळपण तिच्या पत्र्यात जितके असते त्याहून अधिक तिच्या चालीत असते; ही चाल झिजणाऱ्या रबरावर अवलंबून असते; म्हणून ते रबर वेळच्या वेळी आणि त्याच प्रकृतीच्या रबराने बदलणे हे जतनाचे पहिले काम होय. रंगकामाचा क्रम त्यानंतरचा.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आपल्या परिचयाची एक गाडी समोर ठेवू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 'फियाट ११००' या इटालियन गाडीच्या भारतीय आवृत्त्या तयार होत. १९६४ मध्ये आलेली 'डिलाइट' ही त्यांतली एक. पुढे फियाटचे नाव गळाले आणि १९७४ पासून हीच गाडी चितोडच्या राणीचे नाव घेऊन 'प्रीमियर पद्मिनी' झाली. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत तिने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने दोन पिढ्यांची ने-आण केली. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सीताफ्यातून पूर्णपणे बाहेर गेली. त्या सुमारास वृत्तपत्रांतून हळहळ व्यक्त झाली आणि एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवावी अशी मागणीही पुढे आली. मागणी योग्यच होती. ठेवायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार मात्र त्या हळहळीत फारसा आढळला नाही.

पद्मिनीची रचना अशी. पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आडव्या बाहूंनी धरलेले असते आणि भार कॉइल स्प्रिंगवर येतो. मागे अखंड आस असून ती दोन कमानपाट्यांवर बसवलेली आहे. खड्ड्यातून जाताना कमानपाटा सपाट होतो तेव्हा त्याच्या दोन टोकांमधले अंतर वाढते. म्हणून त्याचे एक टोक पिनने जखडतात आणि दुसरे झुलत्या शॅकलला जोडतात. ट्रकसारखी वेगळी चासी या गाडीला नाही; पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. कमानपाट्यांच्या टोकांशी आणि स्टॅबिलायझरच्या पकडींत, जिथे हालणारे लोखंड न हालणाऱ्या लोखंडाला भेटते तिथे, रबर असते. चाकांच्या बाहूंच्या मुळाशीही बहुसंख्य जुन्या गाड्यांत हीच योजना असते.

नमुनेदार बुश म्हणजे लोखंडाची एक नळी, तिच्या आत तिच्याहून बारीक दुसरी नळी, आणि दोहोंमधली पोकळी भरून काढणारे, दोन्हींना घट्ट चिकटवलेले रबर. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती नळी सांगाड्याशी आवळली जाते. बाहेरची नळी बाहूबरोबर हालते. चाक वर गेले की मधले रबर पिळले जाते, खाली आले की पुन्हा सरळ होते. कोणताही पृष्ठभाग दुसऱ्यावर घासत नाही. बैलगाडीचे चाक आसावर घासत फिरते म्हणून त्याला वंगण घालावे लागते. पद्मिनीच्या किंगपिनलाही ठरावीक काळाने ग्रीस भरावे लागते. रबरी बुशाला मात्र वंगण नको असते. किंबहुना ते त्याला घातक ठरते. खनिज तेल आणि ग्रीस यांनी नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. तरीही 'आवाज येतोय ना, मग ग्रीस मारा' हा उपाय आजही सर्रास केला जातो.

या मधल्या रबराची कामगिरी तिहेरी आहे. ते बिजागरीसारखे वळू देते. रस्त्याचा बारीक थरथराट पत्र्यापर्यंत पोचू देत नाही. आणि चाकाला आपल्या जागेवरून अगदी किंचित सरकण्याची मुभा देते. ही किंचित मुभा अभिकल्पकाने मोजून दिलेली असते. कोणत्या दिशेला किती ढिलाई आणि कोणत्या दिशेला किती ताठरपणा, यावर गाडीचे वळणे, थांबणे आणि खड्ड्यावरून जाणे अवलंबून असते. आपण ज्याला गाडीची 'चाल' म्हणतो ती बऱ्याच अंशी इथे ठरते. पद्मिनी चालवणारे जुने लोक 'ती रस्त्यावर बसून चालते' असे म्हणत. त्या वाक्यातल्या 'बसून' या शब्दाचा मोठा वाटा रबराचा आहे.

आता याचे मरण पाहू. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधली. त्या प्रक्रियेत रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधल्या जातात. परंतु ही बांधणी कारखान्यातून बाहेर पडल्यावर कायमची गोठत नाही. हवेतला प्राणवायू आणि इंजिनाची उष्णता यांमुळे वर्षानुवर्षे साखळ्या तुटत राहतात, नवे दुवे तयार होत राहतात आणि नैसर्गिक रबर बहुधा कडक होत जाते. ताणाखाली असलेल्या रबरावर ओझोन वायूचा परिणाम होऊन ताणाच्या आडव्या दिशेने बारीक भेगा पडतात. सततच्या भारामुळे ते एका बाजूला दबते आणि आतली नळी मध्यापासून सरकते. शेवटी रबर नळीपासून सुटते आणि लोखंड लोखंडावर आदळू लागते. यासाठी गाडी धावलीच पाहिजे असे नाही. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचे रबरही म्हातारे होते, आणि एकाच अवस्थेत दबून राहिल्यामुळे त्याला तोच आकार येतो. संग्रहालयाच्या फरशीवर उभी केलेली टॅक्सी काळाच्या तावडीतून सुटली, असा समज कोणी करून घेऊ नये.

लक्षणे ठरलेली आहेत. गतिरोधकावरून जाताना खालून 'खट्' असा आवाज येतो. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखे सावरावे लागते. अलाइनमेंट करून आणली तरी महिन्याभरात बिघडते. टायर एका कडेने खाल्ले जातात. पण या सगळ्यांत गंभीर लक्षण चालकाच्या अंगी मुरलेले असते. झीज इतकी हळूहळू होते की हात तिच्याशी जुळवून घेतात. मालक नकळत स्टिअरिंग थोडे डावीकडे धरू लागतो, खड्डा दिसला की आधीच वेग कमी करतो, आणि 'जुनी गाडी आहे, अशीच चालायची' असे म्हणू लागतो. पिढ्यान्‌पिढ्या वर्गात शिकवला गेलेला अपपाठ जसा अखेर कवीचा वाटू लागतो, तशी झिजलेल्या रबराची ही डगमग गाडीचा स्वभाव म्हणून स्वीकारली जाते. जुन्या गाड्यांच्या प्रेमिकांत तर तिचे कौतुकही होते. हे कौतुक मला मान्य नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली पद्मिनी अशी डगमगत नव्हती. तिच्या वार्धक्यालाच तिचे व्यक्तित्व समजणे, हा तिच्यावरचा अन्याय आहे. शिवाय ब्रेक लावताना चाक जागचे हलणे ही रस्त्यावरच्या इतर माणसांच्या जिवाशी संबंधित बाब आहे. तिथे रसिकतेचा प्रश्नच उरत नाही.

बुश बदलण्याचे काम वेळखाऊ आणि दिसायला अनाकर्षक. गाडी जॅकवर उचलायची, पण कामाला सुरुवात करण्यापूर्वी तिला भक्कम स्टँडवर टेकवायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे म्हणजे मृत्यूशी खेळ. पुढची कॉइल स्प्रिंग दबलेल्या अवस्थेत मोठी शक्ती धरून असते, म्हणून ती कंप्रेसरने नीट आवळल्याशिवाय बाहू सोडवायचा नाही. मागच्या पाट्यांच्या पिना पावसाळ्यांनी गंजून बुशाच्या आतल्या नळीत अडकून बसलेल्या असतात. त्यांना गंज सोडवणारे तेल पाजून रात्रभर थांबावे लागते. जुना बुश प्रेसवर दाबून काढतात. तो न हलल्यास आतले रबर कोरून काढून बाहेरच्या नळीला करवतीने उभा छेद देतात, आणि हा छेद बाहूच्या लोखंडापर्यंत जाऊ नये म्हणून हात जपावा लागतो. काही ठिकाणी रबर जाळून काढतात. झटपट होते, पण धूर विषारी असतो. नवा बुश बाहेरच्या नळीच्या कडेवर दाब देऊनच बसवायचा, रबरावर दाब देऊन कधीही नाही. सैल रबरी तुकडे बसवताना घसरण हवीच असेल तर साबणाचे पाणी वापरायचे. डाव्या बाजूचा बुश गेला असेल तरी उजव्या बाजूचाही बदलायचा, कारण दोन्ही बाजूंचा ताठरपणा सारखा नसेल तर गाडी सरळ चालत नाही.

या कामातला एक नियम मात्र मला फार अर्थपूर्ण वाटतो. चिकटवलेल्या रबराच्या बुशाचा बोल्ट, गाडी उचललेली असताना शेवटचा कसायचा नाही. तेव्हा चाके खाली लोंबकळत असतात. त्या अवस्थेत आतली नळी जखडली तर गाडी खाली आल्याबरोबर रबर एका दिशेने पिळले जाते आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहते. असा नवाकोरा बुश थोड्याच काळात फाटतो. म्हणून बोल्ट नुसते हाताने लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एक-दोनदा दाबून, थोडी पुढेमागे ढकलून तिला तिच्या स्वाभाविक उंचीवर स्थिरावू द्यायचे, आणि मगच शेवटचा आवळा द्यायचा. माझ्या १९८४ सालच्या पद्मिनीचे काम चालू असताना, सगळे बोल्ट सैलच ठेवलेले पाहून मी कारण विचारले, तेव्हा मिस्त्री एवढेच म्हणाले, "सर, तिला आधी तिच्या पायांवर उभी राहू द्या. मग कसू." अलाइनमेंट त्यानंतर.

वादाचा खरा मुद्दा यापुढे येतो. नवा बुश कोणता घालायचा? तीन पर्याय असतात आणि त्या तिघांमागे जतनाविषयीच्या तीन भूमिका आहेत.

पहिला पर्याय 'जुना पण न वापरलेला' बुश. कुर्ल्याच्या किंवा पुण्यातल्या नाना पेठेच्या सुट्या भागांच्या बाजारात एखाद्या दुकानाच्या पोटमाळ्यावर कंपनीच्या मूळ पाकिटातला बुश निघतो. पाकिटावर जुने बोधचिन्ह असते, आणि संग्राहकाचे डोळे लकाकतात. पण रबराचे वय ते कारखान्यात तयार झाल्या दिवसापासून मोजायचे, गाडीला लावल्या दिवसापासून नव्हे. रबरी वस्तूंच्या साठवणीसाठी 'आयएसओ २२३०' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते चांगल्या साठवणीतल्या रबरालाही मोजकीच वर्षे देते. चाळीस उन्हाळे पोटमाळ्यावर काढलेला बुश पाकिटासकट अस्सल आहे, आणि रबर म्हणून निकामी आहे. धातूच्या भागाच्या बाबतीत जो आग्रह शहाणपणाचा ठरतो, तोच इथे मूळपणाची पूजा होऊन बसतो.

दुसरा पर्याय पॉलियुरेथेनचा. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत तो जगभर लोकप्रिय आहे. लाल, निळे, पिवळे असे भडक रंगांचे हे बुश तेलाला दाद देत नाहीत, दीर्घकाळ टिकतात आणि बहुधा प्रेसशिवाय हाताने बसवता येतात. कठीणपणा मोजण्याच्या 'शोअर ए' या मापावर रबरी बुश साधारण ५० ते ७० च्या घरात असतात. पॉलियुरेथेनचे ७० पासून ९५ पर्यंत जातात. त्यामुळे वळणावर गाडी अधिक ताठ वाटते. परंतु पॉलियुरेथेनचा बुश रबरासारखा पिळला जात नाही. तो आतल्या नळीभोवती घासत फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते, आणि ते सुकले की तो कुरकुरू लागतो. म्हणजे जिथे वंगणाची गरज नव्हती तिथे ती नव्याने निर्माण होते. दुसरे असे की, रबर जो थरथराट स्वतःत जिरवत होते तो आता पुढे ढकलला जातो. पुढे म्हणजे कुठे? या गाडीला वेगळी चासी नाही हे वर आलेच आहे. तो भार येतो पत्र्याच्या कवचावर, गंज आणि वेल्डिंग यांनी आधीच थकलेल्या जोडांवर. ज्या पत्र्याला आपण लाखभर रुपये खर्चून रंग दिला, त्यालाच हादरे देणारी ही सुधारणा आहे.

तिसरा पर्याय नव्याने ओतलेल्या रबराचा. आकार जुन्या बुशाचा, कठीणपणा शक्य तितका जुन्याइतका, पदार्थ रबर. तारीख मात्र आजची. हा बुश काही वर्षांनी पुन्हा बदलावा लागणार, हे उघड आहे. मला हाच पर्याय योग्य वाटतो, आणि तो टिकत नाही हा त्याच्यावरचा आक्षेप मला आक्षेप वाटत नाही. बुश झिजतो, कारण झीज स्वतःवर घेण्यासाठीच त्याची योजना आहे. बदलता येण्याजोगा स्वस्त भाग झिजावा आणि न बदलता येण्याजोगा महाग भाग वाचावा, ही मूळ अभिकल्पकाची व्यवस्था होती. गाडीत जे जपायचे आहे त्यात ही व्यवस्थाही येते. न झिजणारा बुश बसवून आपण एक भाग वाचवतो आणि व्यवस्था मोडतो.

'मिलिंदप्रश्ना'त नागसेन राजा मिलिंदाला रथाचे भाग एकेक करून विचारतो : आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि 'रथ' हे या सर्वांच्या एकत्र येण्याला दिलेले नाव आहे, असे ठरते. हा दृष्टान्त आपण तत्त्वज्ञानाचा म्हणून शिकवतो. गाडीखाली शिरल्यावर त्यातली एक बाब विशेषत्वाने लक्षात येते. भागांच्या त्या यादीत दोन भागांच्या मधले असे काही नाही. भाग एकत्र येतात असे आपण म्हणतो, परंतु ते कसे एकत्र येतात, कितपत जवळ, कितपत मोकळे, हे न सांगता पुढे जातो. मोटारगाडीत या 'मधल्या'लाच एक पदार्थ, एक माप आणि एक आयुष्य आहे. भागांचे एकत्र येणे जपायचे असेल तर त्या मधल्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

पाठचिकित्सेचे उदाहरण साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे वाटेल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. हाती आलेली पोथी जशीच्या तशी पूजेत ठेवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. स्वतः समर्थ कवी असल्यामुळे ओव्या सुधारून घेण्याचा मार्गही मोकळा होता. त्यांनी दोन्ही सोडून बिघडलेले पाठ दुरुस्त केले, आणि ज्ञानेश्वरीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. मूळ पाकिटातला कडक बुश हा पहिला मार्ग आहे. पॉलियुरेथेन हा दुसरा. मधला मार्ग सर्वांत कष्टाचा असतो आणि त्यात करणाऱ्याचे नाव दिसत नाही.

याच संदर्भात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा उल्लेख करावासा वाटतो. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये मूळ पर्वांच्या प्रकाशनापर्यंत पोचलेले हे काम आहे. या आवृत्तीत जो पाठ संपादकांना पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याखाली नागमोडी रेषा दिलेली आहे. संपादकाने निवड केली, आणि ती निवड आहे हे लपवले नाही. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ सालच्या व्हेनिस सनदेतही याच्याशी जुळणारे तत्त्व आढळते : नव्याने घातलेला भाग संपूर्णाशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखता यावा. जुन्या गाडीच्या बाबतीत ही नागमोडी रेषा म्हणजे एक साधी वही. कोणता बुश कोणत्या तारखेला बदलला, रबर कुणी ओतले, कठीणपणा किती होता, जुने तुकडे कुठे ठेवले, हे तीत लिहायचे. अशी वही आपल्याकडे फार थोड्या गाड्यांबरोबर असते. गाडी विकली जाते तेव्हा कागदपत्रांत आरसी असते, विमा असतो. तिच्या शरीराचा इतिहास जुन्या मालकाच्या स्मरणात राहतो आणि त्याच्याबरोबर जातो.

आपल्या नियमांतही मूळपणाची कल्पना धातूपाशीच थांबलेली आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेले, मूळ रूपात राखलेले आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले वाहन या वर्गात बसते. १९७४ मध्ये नोंदलेल्या पहिल्या पद्मिनींची पन्नास वर्षे २०२४ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे हा नियम आता त्यांनाही लागू पडू शकतो. नियम म्हणून ही व्याख्या समजण्यासारखी आहे. सरकारी निरीक्षकाने प्रत्येक बुश तपासावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. परंतु तीच व्याख्या हौशी मंडळींनी आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांनी स्वीकारावी, याचे काही कारण नाही. उभी गाडी पाहून दिलेल्या गुणांत गाडीची चाल कुठेच येत नाही. याच तरतुदीनुसार अशी वाहने नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि देखभाल यांपुरतीच मुभा आहे. म्हणजे चालण्याचे प्रसंग कमी होणार आणि उभे राहण्याचे वाढणार. अशा वेळी रबराची काळजी अधिक घ्यावी लागेल.

माझ्या भूमिकेवर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला व्यवहाराचा : योग्य रबराचे बुश मिळतातच कुठे? जे मिळतात त्यांपैकी अनेकांचे रबर इतके हलक्या प्रतीचे असते की वर्षभरात चिरते. हे खरे आहे. अशा स्थितीत पॉलियुरेथेन वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याने ते वहीत नोंदवावे आणि चांगले रबर मिळाल्यावर पुन्हा बदलावे, एवढेच म्हणेन. रबर ओतून देणारे लहान कारखाने महाराष्ट्रात आहेत. दहा मालकांनी एकत्र येऊन साचा करून घेतला तर तो खर्च एकट्या मालकाच्या रंगकामापेक्षा कमी येईल.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. रबर बदलणार, पाटे बदलणार, पिना बदलणार. मग मूळ असे उरले काय? यावर माझे उत्तर असे की, बदललेल्या भागांची बेरीज करून मूळपण मोजण्याची पद्धतच गाडीला लागू पडत नाही. शिल्पाला ती लागू पडते, कारण शिल्प उभे राहूनच आपले काम करते. गाडीचे काम चालणे हे आहे. तिच्या कर्त्यांनी ती झिजण्यासाठी आणि दुरुस्त होण्यासाठी बनवली. तिच्या देखभाल-पुस्तिकेत भाग बदलण्याच्या सूचना होत्या. दुरुस्ती हा तिच्या मूळ संहितेचाच भाग आहे. ती न करता राखलेले मूळपण अर्धेच होय.

या सगळ्यात जे सर्वांत लवकर नाहीसे होण्याचा धोका आहे, ते ज्ञान आहे. बोल्ट कधी कसायचा, बुश कुठे दाबायचा, आवाजावरून कोणता सांधा गेला हे कसे ओळखायचे, हे ज्यांच्या हातात आहे ते कारागीर आता साठीच्या पुढे गेले आहेत. त्यांची मुले संगणकाला जोडून दोष वाचणाऱ्या गाड्यांवर काम करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. पद्मिनीची छायाचित्रे भरपूर आहेत, तिच्यावरच्या आठवणी आहेत, चित्रपटांतून ती दिसते. तिच्या पोटाखालचे मराठी मात्र कुणी लिहून घेतलेले नाही. कमानपाटा, आवळा, 'बुश बसला', 'पाटा झोपला' या शब्दांना कोशांत जागा नाही, आणि ज्यांना तो अर्थ ठाऊक आहे त्यांच्याकडे आपण विचारायला जात नाही. मराठीच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी करण्याजोगे हे काम आहे. एखाद्या पदव्युत्तर विभागाने पाच-सहा विद्यार्थ्यांना वर्षभर जुन्या गॅरेजांत पाठवले, तरी एक छोटा, भरवशाचा शब्दसंग्रह हाती येईल.

संग्रहालयात टॅक्सी ठेवायची असेल तर अवश्य ठेवावी. ती वर्षातून काही वेळा आवारात चालवावी, तिचे रबर ठरावीक वर्षांनी बदलावे, शेवटचा आवळा ती स्वतःच्या चाकांवर उभी असताना द्यावा, आणि हे सारे एका वहीत लिहून ती वही गाडीशेजारीच, भेट देणाऱ्यांना चाळता येईल अशी ठेवावी.